हिब्रू राजांचें दप्तर

यहूदी लोकांच्या धर्मग्रंथाचें नांव निघालें म्हणजे आमच्याकडील सुशिक्षित वाचकास बहुधा दोन-तीन कथा आठवतात : सहा दिवसांत झालेली सृष्टि, नोहाचें तारूं, गोफणीच्या एका दगडानें लोळविलेला तो धिप्पाड योद्धा. कोंकणांत शतकानुशतकें राहून मराठी हीच मायबोली केलेल्या बेने इस्राएल मंडळींनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या ग्रंथांतील आख्यानांवर मराठी कीर्तनें रचलीं, तेव्हां त्यांनींही कथाभागच उचलला. आणि तें योग्यच होतें, कारण कीर्तनाच्या उत्तररंगांत राजांच्या आयांचीं नांवें व कारकीर्दींचीं वर्षें ऐकावयास कोण बसणार? परंतु या ग्रंथाचा एक बराच मोठा भाग नेमका अशाच सामग्रीनें भरला आहे. अमका राजा अमक्या वर्षीं गादीवर बसला, इतकीं वर्षें त्यानें राज्य केलें, आईचें नांव हें, दफन या ठिकाणीं, मागून गादीवर हा मुलगा. पहिल्या वाचनांत आम्हीं हीं पानें भराभर उलटलीं होतीं, हें कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. पुढें पुनःपुन्हा वाचतां आमचें मत हळूहळू असें होत गेलें कीं, इतिहास या नात्यानें या ग्रंथाची जी कांहीं किंमत आहे ती या रुक्ष पानांतच सांठविलेली आहे. तें मत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्हांस मुख्यत्वें बोलावयाचें आहे तें ‘राजे’ या नांवाच्या दोन पुस्तकांविषयीं. मुळांत तें एकच पुस्तक. दावीदाच्या अखेरच्या दिवसांपासून यरुशलेमच्या नाशापर्यंत, म्हणजे इ. स. पू. दहाव्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंतची, सुमारें चार शतकांची हकीकत त्यांत आली आहे. दावीदाचा पुत्र शलमोन याच्या मागें राज्य दुभंगलें. उत्तरेकडील इस्राएलचें राज्य अश्शूरच्या सैन्यानें इ. स. पू. ७२२ च्या सुमारास बुडविलें. दक्षिणेकडील यहूदाचें राज्य, ज्याची राजधानी यरुशलेम, तें बाबेलच्या नबुखद्नेस्सरानें इ. स. पू. ५८६ च्या सुमारास. लेखकानें आपलें नांव कोठेंही सांगितलेलें नाहीं. परंतु त्याची बाजू पहिल्या पानापासून स्पष्ट आहे. ज्या राजानें एकाच देवाची उपासना यरुशलेमच्या एकाच मंदिरांत चालविली तो चांगला, बाकीचे वाईट. चांगल्याचें भलें व्हावें, वाईटाचें वाटोळें व्हावें, हा त्याचा सिद्धांत. उत्तरेकडील राजांस तर त्यानें जवळजवळ सरसकट एकाच शिक्क्यानें दोषी ठरविलें आहे. असा लेखक इतिहासकार म्हणून विश्वासार्ह असूं शकेल काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे.

उत्तराचा पहिला धागा लेखकाच्या एका संवयींत सांपडतो. बहुतेक प्रत्येक राजाची हकीकत संपतां संपतां तो वाचकास सांगतो कीं, याचें बाकीचें वृत्त अमक्या ग्रंथांत पाहावें. शलमोनापुरता एक निराळा ग्रंथ. पुढें इस्राएलच्या राजांसाठीं एक व यहूदाच्या राजांसाठीं दुसरा. असे हवाले तीसांहून अधिक वेळां आले आहेत. या दप्तरांना मुळांत जें नांव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘दिवसांचीं वृत्तें’ असा होतो. आपण रोजनिशी म्हणूं. येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. धर्मग्रंथांतच जीं ‘इतिहास’ नांवाचीं दोन पुस्तकें पुढें येतात त्यांचेंही हिब्रू नांव हेंच असल्यामुळें हवाला त्यांचाच आहे असें नवख्या वाचकास वाटतें. तसें नाहीं. ‘इतिहास’ हा ग्रंथ कित्येक पिढ्या नंतरचा आहे आणि तो स्वतःच ‘राजे’ या ग्रंथावरून रचलेला आहे. ज्या रोजनिशांकडे लेखक बोट दाखवितो त्या पार नष्ट झाल्या आहेत. त्यांत काय होतें याची चुणूक मात्र मिळते. अहाबाचा हस्तिदंती वाडा व त्यानें बांधलेलीं नगरें, हिज्कीयानें तलाव व पाट काढून शहरांत आणलेलें पाणी, असल्या गोष्टींचा तपशील तेथें पाहा, असें तो म्हणतो. देवभक्तीशीं त्यांचा संबंध नाहीं, म्हणून त्याला त्या नकोत. पण त्या कोठें मिळतील हें सांगितल्यावांचून त्याच्यानें राहवत नाहीं. १८८० सालीं यरुशलेममध्यें त्या पाटाच्या बोगद्यांत एक शिलालेख सांपडला. दोन बाजूंनीं खणीत येणारे कामगार मध्यें एकमेकांस कसे भेटले याचें त्यांत वर्णन आहे. राजाचें नांव मुळींच नाहीं.

दावीद व शलमोन यांच्या दरबारच्या अधिकाऱ्यांच्या यादींत दोन हुद्दे आढळतात : एक लेखक, व दुसरा ‘आठवण देणारा’. आमच्या शिवकालीन परिभाषेंत सांगावयाचें तर चिटणीस आणि वाकनीस. हिज्कीयाच्या वेळीं अश्शूरचा सरदार वेशीशीं येऊन दरडावूं लागला, तेव्हां त्याच्याशीं बोलावयास जे तिघे बाहेर गेले त्यांत हे दोघे होते. दप्तरखान्याची अशी परंपरा असल्यावर वर्षें व नांवें हवेंतून आलीं असें मानण्याचें कारण उरत नाहीं.

मराठी वाचकास बखर व शकावली यांतला भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड बाहेर काढल्यापासून आपल्याकडे याची चर्चा भरपूर झाली आहे. शकावलीला रस नाहीं, बखरीला आवेश फार. ‘राजे’ या ग्रंथाचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांत शकावलीच्या काठीवर बखरीचा वेल चढविला आहे, आणि काठी कोठें संपते व वेल कोठें सुरू होतो हें डोळ्यांस दिसतें.

वर्षांचाच हिशेब पाहा. येहू नांवाच्या सेनानीनें एकाच उठावांत इस्राएल व यहूदा या दोनही राज्यांचे राजे ठार मारिले. म्हणजे त्या क्षणीं दोनही घड्याळें पुन्हा एकत्र लागलीं. तेथून इस्राएलच्या नाशापर्यंत उत्तरेकडील राजांचीं वर्षें मिळविलीं तर बेरीज १४३ वर्षें व सात महिने होते. त्याच अवधींतील यहूदाच्या राजांचीं वर्षें मिळविलीं तर १६५ होतात. आणि अश्शूरच्या पक्क्या कालगणनेप्रमाणें हा काळ आहे अवघा १२० वर्षांच्या आसपास! हा गोंधळ कां झाला याचीं कारणें पंडितांनीं बरींचशीं शोधून काढलीं आहेत. बाप हयात असतां मुलगा कारभार पाहूं लागला कीं तीं वर्षें दोघांच्याही खातीं पडत. अजऱ्या राजा कोडी झाल्यामुळें त्याचा मुलगा योथाम राज्य चालवीत असे, हें तर ग्रंथांतच आहे. शिवाय राज्यारोहणाचें अपुरें वर्ष धरावयाचें कीं सोडावयाचें याची रीत सर्वत्र एक नव्हती. पण आम्हांस या गोंधळाचें महत्त्व निराळेंच वाटतें. ज्याला गोष्ट रचावयाची असते त्याची बेरीज चुकत नाहीं. दोन राज्यांच्या दोन वह्या पुढें ठेवून आंकडे जसेच्या तसे उतरून घेणाराचीच ती चुकते.

आतां त्याच्या पक्षपाताची बाजू. उत्तरेकडील अम्री हा राजा राजकीय दृष्ट्या फार मोठा. त्यानें शोमरोनची टेकडी दोन किक्कार चांदीस विकत घेऊन तेथें राजधानी बसविली. त्याच्या मागून त्याचें घराणें बुडालें, तरीही अश्शूरचे कारकून त्या देशास ‘अम्रीचें घर’ म्हणतच राहिले. इतकेंच काय, ज्या येहूनें तें घराणें निर्वंश केलें त्याचाही उल्लेख तिसऱ्या शल्मनेसराच्या काळ्या स्तंभावर अम्रीचा पुत्र असाच आहे. मवाबच्या मेशा राजाचा शिलालेख १८६८ सालीं सांपडला, त्यांतही मवाबास गांजणारा म्हणून अम्रीचें नांव आहे. अशा राजाची आमच्या लेखकानें पांच-सहा वाक्यांत बोळवण केली! त्याचा मुलगा अहाब यानें इ. स. पू. ८५३ मध्यें कर्कारच्या लढाईंत दोन हजार रथ व दहा हजार पायदळ उतरविल्याचें अश्शूरचा राजा सांगतो; आमच्या ग्रंथांत त्या लढाईचें नांवही नाहीं. तेथें अहाब आहे तो एका गरीब माणसाचा द्राक्षमळा लुबाडणारा आणि एलीया संदेष्ट्यापुढें चडफडणारा. द्राक्षमळ्याची कथा वाङ्मय म्हणून कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षां सरस आहे, हें खरें. पण राज्याचा इतिहास म्हणून हें चित्र एकांगी आहे, आणि तें तसें आहे हें श्रद्धाळू वाचकानेंही मान्य करावें.

तथापि जें वगळलें त्यापेक्षां जें वगळतां आलें असतें आणि वगळलें नाहीं, तें अधिक बोलकें असतें. मनश्शे राजाचें उदाहरण घ्या. लेखकाच्या मतें यहूदाच्या गादीवर याच्याइतका वाईट राजा झाला नाहीं; पुढें राज्य बुडालें तेंही याच्याच पापांमुळें, असें तो स्पष्ट म्हणतो. त्याच्या सिद्धांताप्रमाणें हा राजा अल्पायुषी व्हावयास हवा होता. पण दप्तरांत लिहिलें होतें पंचावन्न वर्षें, यहूदाच्या कोणत्याही राजापेक्षां अधिक. आणि शेवट शांतपणें, स्वतःच्या बागेंत दफन. लेखकानें पंचावन्नचा आंकडा लिहिला आणि तो पुढें गेला. मनश्शेनें पश्चात्ताप केला म्हणून आयुष्य लाभलें, असें एक वाक्य घालणें किती सोपें होतें! तें वाक्य, किंबहुना तें संबंध प्रकरण, पुढें ‘इतिहास’ ग्रंथाच्या कर्त्यानें घातलें : मनश्शेस बेड्या घालून बाबेलास नेलें, तेथें त्यानें देवाची करुणा भाकली, आणि त्याचें राज्य त्यास परत मिळालें. अश्शूरच्या लेखांत मनश्शेचें नांव येतें तें निनवेच्या बांधकामास सामान पुरविणाऱ्या मांडलिकांच्या यादींत.

याच्या उलट टोंक योशीयाचें. मंदिराची दुरुस्ती चालू असतां हिल्कीया याजकास नियमशास्त्राचा ग्रंथ सांपडला, शाफान चिटणिसानें तो राजास वाचून दाखविला, आणि राजानें कपडे फाडून सर्व देशांतील मूर्तिपूजा उखडून काढली, ही प्रसिद्ध हकीकत याच्याच कारकीर्दींतली. लेखकाच्या दृष्टीनें असा राजा आधीं झाला नाहीं, मागून होणार नाहीं. हुल्दा नांवाच्या संदेष्ट्रीनें त्यास शांततेनें मृत्यु येईल असें आश्वासनही दिलें होतें. आणि मग काय झालें? इ. स. पू. ६०९ मध्यें मिसरचा राजा नखो सैन्य घेऊन निघाला, योशीया त्यास आडवा गेला, आणि मेगिद्दो येथें मारला गेला. प्रेत रथांतून यरुशलेमला आणलें. बस्स. हुल्देचें आश्वासन व मेगिद्दोचें प्रेत यांच्यामध्यें एका अध्यायाचेंही अंतर धड नाहीं, आणि दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्नही नाहीं. ‘इतिहास’कर्त्यास हें सहन झालें नाहीं, नखोच्या तोंडून प्रत्यक्ष देवच योशीयास मागें फिरावयास सांगत होता, त्यानें ऐकलें नाहीं म्हणून तो मेला, अशी तजवीज त्यानें केली. दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवून वाचावे म्हणजे नोंद कशास म्हणावें व समर्थन कशास म्हणावें हें विद्यार्थ्यास एका बैठकींत कळेल. आम्ही कित्येक वर्षें वर्गांत इतिहासलेखनाविषयीं व्याख्यानें दिलीं. त्यांतलें एकही या दोन पानांइतकें उपयोगी पडलें नसेल.

तिसरा दाखला हिज्कीयाचा. इ. स. पू. ७०१ मध्यें अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या स्वतःच्या लेखाप्रमाणें त्यानें सेहेचाळीस तटबंदीचीं शहरें घेतलीं व हिज्कीयास यरुशलेमांत पिंजऱ्यांत कोंडल्यासारखें कोंडलें. शहर घेतल्याचें मात्र तोही म्हणत नाहीं. ‘राजे’ ग्रंथांत यरुशलेम वांचल्याची हकीकत मोठ्या थाटानें आली आहे, एका रात्रींत देवदूतानें शत्रूचें सैन्य कसें कापलें येथपर्यंत. पण या कथेच्या आरंभीं, अगदीं उंबऱ्यावर, तीन रुक्ष वाक्यें बसलीं आहेत. हिज्कीयानें लाखीश येथें सन्हेरीबाकडे निरोप पाठवून आपली चूक कबूल केली. तीनशें किक्कार चांदी व तीस किक्कार सोनें (किक्कार म्हणजे सुमारें तीस किलोंचें वजन) खंडणी द्यावयाचें ठरलें. आणि ती भरण्यासाठीं मंदिराच्या दारांवरचें, त्यानें स्वतःच चढविलेलें, सोनें त्यालाच ओरबाडून काढावें लागलें. ही सबंध हकीकत यशयाच्या पुस्तकांतही जवळजवळ शब्दशः उतरलेली आहे. तेथें एवढीं तीन वाक्यें नाहींत. ‘इतिहासां’तही नाहींत. आतां सन्हेरीबाचा लेख काढून पाहा. सोनें : तीस किक्कार. चांदीचा आंकडा त्यानें आठशें दिला आहे, पण सोन्याचा आंकडा शत्रूच्या व स्वतःच्या दप्तरांत एकच आहे. भक्तिमान राजाच्या, देवानें तारलेल्या शहराच्या कथेंत ही लाजिरवाणी पावती कोणी मुद्दाम रचून घालील, ही गोष्ट आमच्या बुद्धीस पटत नाहीं. ती दप्तरांत होती म्हणून आली.

याचा अर्थ ग्रंथांतील प्रत्येक नोंद बिनचूक आहे असा नव्हे. १९९३ व १९९४ सालीं उत्तर इस्राएलांत तेल दान येथें एका अरामी विजयस्तंभाचे तुकडे सांपडले. त्यांवर दावीदाच्या घराण्याचें नांव आहे ही मोठीच गोष्ट. परंतु इस्राएल व यहूदा यांच्या ज्या दोन राजांना येहूनें मारिलें असें ‘राजे’ सांगतो, त्यांना आपणच मारिलें असें हा स्तंभ उभारणारा अरामी राजा म्हणतो. दोघांपैकीं कोणाची बढाई खरी, किंवा येहू हा अरामी राजाचें हत्यार होता काय, यावर वाद चालूच आहे. शलमोनाच्या वैभवाविषयीं तर आम्ही वाचकास सावधच करूं. त्याचें नांव असलेला त्या काळचा एकही शिलालेख आजवर मिळालेला नाहीं, आणि त्या पानांवर वेल काठीहून फारच उंच गेला आहे.

लेख म्हणजे काय, तो जपणें व नष्ट करणें म्हणजे काय, याचें यहूदी मनाला केवढें भान होतें हें पाहावयाचें असेल तर यिर्मयाच्या पुस्तकाकडे वळावें. यहोयाकीम राजा थंडीच्या दिवसांत शेगडीपुढें बसला आहे. यिर्मयानें सांगितलेलीं व बारूख लेखकानें लिहून घेतलेलीं वचनें त्याच्यापुढें वाचलीं जात आहेत. तीन-चार रकाने वाचून झाले कीं राजा चाकूनें तेवढा भाग कापतो व विस्तवांत टाकतो. दरबारच्या तिघांनीं त्याला जाळूं नका म्हणून विनविलें. त्या तिघांत शाफान चिटणिसाचा मुलगा गमऱ्या हा होता. राजानें ऐकलें नाहीं. यिर्मयानें बारूखाकडून सर्व पुन्हा लिहविलें, आणि वर आणखी भर घातली. पुढें १९८२ सालीं यरुशलेमच्या जुन्या भागांत इगाल शिलो यांच्या उत्खननांत, बाबेलच्या सैन्यानें जाळलेल्या एका घरांत, मातीच्या पन्नासांवर मोहरा मिळाल्या. गुंडाळलेल्या कागदास दोरी बांधून तिच्यावर ओल्या मातीचा गोळा दाबीत व त्यावर अंगठीचा ठसा उमटवीत. त्या ह्या मोहरा. कागद सारे जळून गेले, पण त्याच आगींत माती भाजून पक्की झाली. त्यांतील एका मोहरेवर शाफानाचा पुत्र गमऱ्या असें नांव आहे. काळ, स्थळ, बापाचें नांव हीं सर्व जुळतात. तोच हा गृहस्थ असावा असें बहुतेक पंडित मानतात. जाळूं नका म्हणणाराची मोहर आगीनेंच राखून ठेवावी, हा योगायोग कादंबरीकारास सुचला असता तर आम्हीं त्यास कृत्रिमतेचा दोष दिला असता.

परत आलेल्या यहूदी लोकांच्या याद्या एज्रा व नहेम्या यांच्या पुस्तकांत आहेत. त्यांविषयीं थोडक्यांत एवढेंच सांगतों कीं, दोन्हीकडे एकूण संख्या ४२,३६० दिली आहे आणि दोन्हीकडे घराण्यांच्या आंकड्यांची बेरीज तितकी होत नाहीं. एकीकडे २९,८१८ होते, दुसरीकडे ३१,०८९. शेवटीं घोडे ७३६, खेंचरें २४५, उंट ४३५ आणि गाढवें ६,७२०. हसूं येण्यासारखी ही यादी. पण तिच्यांतच असेंही लिहिलें आहे कीं, कांहीं याजक घराण्यांनीं आपली वंशावळ शोधली, ती दप्तरांत मिळाली नाहीं, आणि तेवढ्यावरून त्यांना याजकपणांतून बाहेर काढलें. वडिलांचें नांव एका वहींत नाहीं म्हणून वृत्ति गेली! ज्यांचें सर्व कांहीं लुटलें गेलें होतें त्या लोकांस वहीचें मोल काय होतें हें यावरून दिसतें.

आतां ‘राजे’ या ग्रंथाच्या शेवटाकडे. इ. स. पू. ५९७ मध्यें नबुखद्नेस्सरानें यरुशलेम प्रथम घेतलें व यहोयाखीन या अठरा वर्षांच्या राजास, त्याच्या अवघ्या तीन महिन्यांच्या कारकीर्दीनंतर, बाबेलास नेलें. बाबेलच्या कीलाक्षर वृत्तांताचा जो भाग १९५६ सालीं वाइझमन यांनीं प्रसिद्ध केला त्यांत शहर घेतल्याची तिथिसुद्धां आहे : नबुखद्नेस्सराच्या सातव्या वर्षींची अदार महिन्याची दुसरी. ‘राजे’ आठवें वर्ष म्हणतो, यिर्मयाच्या पुस्तकाच्या पुरवणींत सातवें आहे. त्यानंतर अकरा वर्षांनीं मंदिर जळालें, तट पाडला, सिद्कीया राजाचे डोळे काढले. एवढ्या आकांतानंतर लेखकानें ग्रंथाचा शेवट कशावर करावा? त्याच्या हातीं विलाप होता, शाप होता, भविष्य होतें. त्यानें तीन-चार वाक्यांची एक नोंद लिहिली आहे. यहोयाखीनाच्या बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षीं, बाराव्या महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशीं, बाबेलचा नवा राजा अवील-मरोदख यानें त्याला तुरुंगांतून काढलें, कैद्याचे कपडे बदलविले, आपल्या पंक्तीस बसविलें, आणि रोजचा शिधा बांधून दिला. ग्रंथ येथें संपतो. टीकाकारांपैकीं कोणी यांत दावीदाच्या वंशाच्या आशेचा अंकुर पाहतात, कोणी निव्वळ थकवा. आम्हांस यांत दप्तराची शेवटची ओळ दिसते. हातीं आलेली शेवटची बातमी लेखकानें तारीखवार टिपून ठेविली.

बाबेलच्या उत्खननांत कोल्डेवाय यांस मातीच्या पाट्या मिळाल्या होत्या. त्यांपैकीं कांहींचें वाचन वाइडनर यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केलें. त्या नबुखद्नेस्सराच्या कोठारांतल्या शिध्याच्या पाट्या. परदेशीं कैदी, कारागीर, खलाशी यांच्या नांवांपुढें तेलाचीं मापें लिहिलीं आहेत. त्यांत यहोयाखीनाचें नांव आहे, त्याच्या पांच मुलांचाही शिधा आहे. आणि राज्य जाऊन कैदेंत पडलेल्या त्या माणसास बाबेलच्या कारकुनानें यहूदाचा राजा असेंच लिहिलें आहे.